नाशिकची गच्चीबाग बदलत्या हवामानात: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मृगाचा पाऊस पडला की वेलांचं बी टोकायचं, दसऱ्यानंतर मेथी-कोथिंबीर, होळी झाली की झाडांना दोन वेळा पाणी. आपल्या आधीच्या पिढीने नाशकात बागा केल्या त्या या हिशेबावर, आणि तो हिशेब बरोबर होता. आता तो जुळत नाही. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर जिल्ह्यातल्या द्राक्षबागांवर गारा पडल्या. २०२५ मध्ये नेमकं उलट झालं. ऐन मे महिन्यात पाऊस सुरू झाला आणि मान्सून २६ मेलाच मुंबईत येऊन थडकला.

नवीन बाग करणाऱ्याने अशा वेळी नेमकं काय धरून चालावं? माझं उत्तर आहे, मुळांभोवतीची माती. वर कितीही उलथापालथ झाली तरी मुळांना ओल आणि हवा दोन्ही मिळत राहिली, म्हणजे शेतकरी म्हणतात तसा वापसा टिकला, तर झाड बहुतेक संकटांतून निघतं. खालची प्रत्येक पायरी त्याच कामासाठी आहे.

पायरी १: आधी जागा पाहा, कुंड्या नंतर

आठवडाभर काहीही विकत न आणता गच्ची किंवा अंगण नुसतं पाहा. सकाळी आठला, दुपारी एकला आणि चारला ऊन कुठे पडतं ते वहीत लिहा. आपल्याकडे मार्च ते मे या काळात खरा त्रास पश्चिमेच्या उन्हाचा असतो. तोवर स्लॅब आणि कठडा दोन्ही तापलेले असतात आणि वरून तिरपं ऊन थेट पानांवर येतं. ही बाजू बोगनवेल, जास्वंद, कोरफड यांना द्या. पालेभाजी, मिरची, टोमॅटो पूर्वेला.

एक पर्जन्यमापक घरीच करा. सरळ उभ्या भिंतींचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि पाऊस थांबल्यावर आत पट्टी धरायची, इतकंच. हा उद्योग कशासाठी, असं वाटेल. आपल्या जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि सिन्नर-येवल्याकडे जेमतेम ५०० मिमीच्या आसपास. नाशिक शहर या दोन टोकांच्या मध्ये बसलेलं आहे. पाथर्डी फाट्यावर कोसळलेली सर पंचवटीत पोचेलच असं नाही, म्हणून बातमीतल्या आकड्यापेक्षा तुमच्या डब्यातला आकडा तुमच्या जास्त उपयोगाचा. त्याच्या जोडीला हवामान खात्याचं ‘मौसम’ आणि शेतीसल्ल्याचं ‘मेघदूत’ ही दोन्ही ॲप मोबाइलवर घ्या. गच्चीवर काम करणाऱ्यांनी विजेची सूचना देणारं ‘दामिनी’सुद्धा घ्यावं.

आता वजनाचं. बारा इंची कुंडीत साधारण २० लिटर माती मावते आणि साधी माती ओली झाली की ती कुंडी ३० किलोच्या घरात जाते. वावर असलेल्या गच्चीसाठी इमारतींच्या भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण १५० किलोचा भार धरतात. म्हणजे अशा पाच कुंड्यांतच हिशेब संपला. जड कुंड्या आणि ड्रम तुळई-खांबांच्या रेषेवर ठेवा, मधला स्लॅब मोकळा किंवा हलका ठेवा. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि गळती असेल तर वॉटरप्रूफिंग बाग मांडण्यापूर्वी करून घ्या.

पायरी २: माती अशी करा की ती पाणी धरेलही आणि सोडेलही

आपली काळी माती शेतात सोनं आहे, पण कुंडीत एकटी वापरू नका. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळून कडेने सुटते आणि मग दिलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. मी सुचवते ते मिश्रण असं: चार भाग माती, तीन भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळ खत, दोन भाग भिजवून धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) आणि एक भाग भाताचं तूस. तूस घोटी-इगतपुरीकडच्या भात गिरण्यांतून सहज मिळतं. ते माती भुसभुशीत ठेवतं आणि कुंडीचं वजनही कमी करतं.

कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी भरण्याची पद्धत फार रुजलेली आहे. माझा आग्रह आहे की ती सोडा. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वर, मातीतच थबकून राहतं. म्हणजे चिखलाचा पट्टा वर सरकतो आणि मुळांना तेवढी जागा कमी मिळते. भोकावर जाळीचा किंवा शेडनेटचा तुकडा ठेवला की पुरे. भोकं मात्र मोठी आणि चार-पाच हवीत. बाजारातल्या बऱ्याच प्लास्टिक कुंड्यांची भोकं अर्धवट बंद असतात, ती तापवलेल्या सळईने मोकळी करून घ्या.

कंपोस्टचा वाटा दर वर्षी वाढवत नेला तरी चालेल. सेंद्रिय पदार्थ जास्त असलेली माती उन्हाळ्यात पाणी जास्त वेळ धरते आणि पावसाळ्यात दगडासारखी घट्ट बसत नाही. स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि त्याच्या दुप्पट सुका पाला, हे प्रमाण पाळलं की घरच्या कंपोस्टला वास येत नाही. अंगणातल्या जमिनीत मोठी लागवड करणार असाल तर आधी मातीची तपासणी करून घ्या. मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आपल्या शहरातच आहे.

आपले द्राक्ष बागायतदारही पाण्याची टंचाई आणि क्षार वाढल्यावर मुळांकडेच वळले. डॉगरीजसारख्या काटक खुंटावर द्राक्षाचं कलम करायला त्यांनी सुरुवात केली. वरची जात तीच राहिली, मुळं बदलली.

पायरी ३: पाणी

इथे थोडा वेळ देऊन वाचा, कारण नव्या बागा सर्वांत जास्त पाण्यामुळे मरतात, आणि कमी पाण्याइतक्याच जास्त पाण्यामुळेही.

पाणी देण्याआधी बोट मातीत दोन पेरं खाली घाला. ओल लागली तर पाणी नको. मान टाकलेलं झाड तहानलेलंच असतं असं नाही. मुळं बुडाली की त्यांना हवा मिळत नाही आणि पानं तशीच लोंबतात. अवकाळी पावसाच्या आठवड्यात पुष्कळ जण अशा झाडाला आणखी पाणी घालतात आणि ते जातं. दुसरी गोष्ट, वांगी, भोपळा, काकडी यांची मोठी पानं भर दुपारी सुकल्यासारखी दिसतात. ती झाडाची स्वतःची बचत असते. संध्याकाळी पानं ताठ झाली तर काळजी नको. सकाळीसुद्धा मलूल दिसली तरच पाणी कमी पडतंय.

वेळ सकाळची, सातच्या आत. संध्याकाळी पाणी दिलं तर पानं रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं. द्यायचं ते सावकाश, खालच्या भोकातून पाणी दिसेपर्यंत. रोज थोडं थोडं शिंपडल्याने मुळं वरच्या दोन इंचांत राहतात आणि पहिल्या कडक दिवशी भाजतात. भर मेमध्ये बारा इंची कुंडीतल्या वाढलेल्या वांग्याला दिवसाला दोन लिटरच्या आसपास लागतं. भर पावसाळ्यात काहीच लागत नाही.

ठिबक बसवायची असेल तर नाशिकइतकी सोय दुसऱ्या शहरात क्वचितच असेल, कारण द्राक्षशेतीमुळे लॅटरल (पाणी नेणारी नळी), ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी), फिल्टर सगळं इथे सुटं मिळतं. १६ मिमीची लॅटरल आणि दर कुंडीला ताशी ४ लिटरचा एक ड्रिपर घेतला, तर अर्ध्या तासात २ लिटर पाणी पडतं. फिल्टर टाळू नका, बोअरच्या जड पाण्याने ड्रिपर चोंदतात. टायमर लावलात तर पाऊस पडला त्या दिवशी तो बंद करायची सवयही लावून घ्या. भर पावसात टायमरवर चालू राहिलेली ठिबक मी पुष्कळ गच्च्यांवर पाहिली आहे, आणि त्यात मुळकूज ठरलेली.

गावाला जाणाऱ्यांसाठी मटका सिंचन उत्तम. न रंगवलेला छोटा माठ मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात गळ्यापर्यंत पुरायचा, पाणी भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. मातीला जितकी तहान तितकंच पाणी झिरपतं. माठ दर तीन-चार दिवसांनी भरावा लागतो.

घरातलं कोणतं पाणी चालेल? तांदूळ-डाळ धुतलेलं चालतं. एसीतून टपकणारं पाणी तर जवळपास क्षारमुक्त असतं, ते जरूर साठवा. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी मात्र क्षारांनी भरलेलं असतं, ते फरशी पुसायला वापरा. कुंडीच्या कडेला पांढरी खपली आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या की क्षार साचलेत असं समजा. पावसाळ्याची पहिली दोन-तीन जोरदार सरी त्या कुंड्यांवर मोकळ्या पडू द्या, क्षार धुऊन निघतील.

आणि पावसाचं पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिमीची एक सर २००० लिटर पाणी आणते. त्यातलं एका निळ्या ड्रममध्ये २०० लिटर जरी धरलं, तरी पावसाने ओढ दिली की लहान बागेला आठवडाभर पुरतं. पहिल्या पावसाचं धुळकट पाणी सोडून द्या. ड्रमचं तोंड बारीक जाळीने घट्ट बांधा, कारण डेंगीचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो. भरलेला ड्रम २०० किलोहून जास्त भरतो, त्याची जागाही खांबावरच. बंगल्याचं अंगण असेल तर सगळीकडे पेव्हर ब्लॉक घालू नका. एक मीटर लांब, रुंद आणि खोल असा शोषखड्डा दगड-मुरूम-वाळूने भरून त्यात पन्हळीचं पाणी सोडा.

पायरी ४: ऊन अडवा, पण वारा अडवू नका

मार्चच्या मध्यावर शेडनेट बांधा. पालेभाज्या आणि रोपांसाठी ५० टक्के सावलीची, फळभाज्यांसाठी ३५ टक्के. जाळी डोक्याच्या वर सात-आठ फुटांवर हवी आणि बाजू मोकळ्या, नाहीतर आत भट्टी होते. सपाट न बांधता उतार द्या, म्हणजे गारा आणि पालापाचोळा झोळीत साचणार नाही. गाठी पक्क्या करा. जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटला की उंच इमारतीवरून जाळी उडते आणि ती खाली कुणावर पडेल सांगता येत नाही. आभाळ कायमचं झाकोळलं की जाळी काढा. तेव्हा झाडांना उजेडच कमी पडत असतो.

जाळीइतकंच महत्त्वाचं आहे आच्छादन. कुंडीत मातीवर दोन-तीन इंच पालापाचोळा, उसाचं पाचट, गव्हाचं काड किंवा सोयाबीनचं भुसकट पसरा. खोडाभोवती बोटभर जागा मोकळी सोडा. जूनमध्ये हा थर अर्धा करा, नाहीतर खाली गोगलगायी मुक्काम करतात.

कुंड्या विटांवर उचलून ठेवा, स्लॅबची धग थेट लागत नाही आणि पाणीही मोकळं निघतं. काळ्या ग्रो बॅगऐवजी पांढऱ्या घ्या, किंवा आहेत त्यांना बाहेरून चुना लावा. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या की एकीची सावली दुसरीला मिळते. उन्हाच्या लाटेत खत, छाटणी, कुंडीबदल यांतलं काहीही करू नका. नर्सरीतून मेमध्ये रोपं आणणंही टाळा. आणलीच, तर ती जाळीखाली वाढलेली असतात हे लक्षात ठेवून आठ-दहा दिवस अर्ध्या सावलीत ठेवा.

पायरी ५: अवकाळी, गारा आणि ओला ऑक्टोबर

पावसाची सूचना आली की चार कामं करा. कुंड्यांखालच्या ताटल्या काढा, भोकं तपासा, वेलांना आधार बांधा आणि पिकायला आलेली फळं उतरवून घ्या. पिकू घातलेल्या टोमॅटोवर कोरड्या काळानंतर अचानक पाणी पडलं की तो तडकतो.

गारा पडून गेल्यावर घाईने सगळी झाडं छाटू नका. मोडलेली फांदी निरोगी भागापर्यंत स्वच्छ कापा, फाटलेली पानं तशीच राहू द्या. फाटलेलं पानही अन्न तयार करतं. माती वापशावर आली की वरचा थर हलका खुरपा. आठवड्याभराने नवी फूट दिसली की मगच खत.

बी रुजत घातलेल्या ट्रेसाठी छप्पर हवंच, पारदर्शक प्लास्टिक कमानीवर टाकलं तरी भागतं. रोपं जमिनीलगत कुजून कोलमडायला लागली तर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला मारणारी मित्रबुरशी, उपयोगी पडतं. खरं तर ते आधीच कंपोस्टमध्ये मिसळून ठेवावं.

गुलाबाची छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरात करायची रीत आहे. नाशिकचं मुघलांच्या काळातलं नाव गुलशनाबाद, तेव्हा गुलाब इथे हवाच. पण आता ऑक्टोबरातही पाऊस रेंगाळतो आणि ओल्यात केलेल्या छाटणीच्या टोकांतून करपा आत शिरतो. तारीख पाहू नका. सलग आठ-दहा दिवस कोरडे गेले आणि सकाळी दव पडायला लागलं की छाटा. झाडं जास्त असतील तर निम्मी आता, निम्मी पंधरा दिवसांनी. द्राक्षवालेही गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, सगळ्या बागेवर एकाच दिवशी करत नाहीत.

गोदाकाठच्या खोलगट भागात अंगणबाग असेल तर आणखी एक. गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी येते तेव्हा गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं हे नाशिककर विचारतोच. तुम्ही त्याआधी कुंड्या आणि खताची पोती उंचावर न्या.

पायरी ६: थंडी

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि शहरातही पहाटे एक आकडी तापमान होतं. तुळस, कढीपत्ता, मनी प्लांट, वांगी यांना ते बाधतं. रात्री जुनी साडी किंवा बारदान काठ्यांवर टाका, पानांना टेकवू नका, सकाळी काढा. माती कोरडी ठेवू नका, ओलसर माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते.

पायरी ७: पेरणी टप्प्याटप्प्याने

आता एका दिवशी सगळं बी पेरणं म्हणजे सगळी पुंजी एका पावसाच्या हवाली करणं. पाकीट तीन भागांत वाटा आणि १२ ते १५ दिवसांच्या अंतराने पेरा. मेथी-कोथिंबिरीचा पहिला हप्ता परतीच्या पावसाने झोडपला तरी दुसरा हाताशी येतो.

उन्हाळ्यासाठी गवार, भेंडी, चवळी, तांबडा माठ, आणि सावलीत पुदिना. टोमॅटो मात्र ऐन उन्हाळ्यात फळावर येईल असा लावू नका. दिवसाचं तापमान ३५ अंशांपुढे आणि रात्रीचं २५ च्या आसपास राहिलं की त्याचे परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. खत वाढवून त्यात काही फरक पडत नाही. टोमॅटो सप्टेंबर-ऑक्टोबरात लावा. पावसाळा गिलकी, दोडका, कारली, वाल, अंबाडी यांचा. हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी, सगळंच येतं.

झाडांमध्ये लिंबू, शेवगा, कढीपत्ता, पेरू, सीताफळ, डाळिंब हे आपल्या हवेचे. पहिल्या वर्षी एवढ्यावरच थांबा. पपई लावलीत तर वाऱ्यासाठी भक्कम काठी हवी.

पायरी ८: कीड ओळखा, मग फवारा

हवा कोरडी आणि तापलेली असली की पानाखाली लाल कोळी जाळं धरतो. त्याला पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा सकाळी मारला तरी आटोक्यात येतो. ढगाळ, दमट दिवसांत मावा आणि पांढरी माशी वाढते. तिथे पिवळे चिकट सापळे आणि लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, सोबत साबणाचे थेंब. फवारणी ऊन उतरल्यावर, आणि आधी दोन पानांवर करून पाहा. दुधी-काकडीच्या पानांवर पांढरी भुरी दिसली तर एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी आठवड्याने फवारा. पहिल्या ठिपक्यालाच सुरुवात केली तर गुण येतो, पान पांढरं झाल्यावर नाही. पिठ्या ढेकूण थोडा असेल तर कापसाने पुसून काढा.

पायरी ९: तुमच्या गच्चीवर टिकलेलं बी ठेवा

आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी घेवडा-वालाचे किती प्रकार सांभाळले हे पाहिलं की घरच्या बियाण्याची किंमत कळते. तुमच्या गच्चीवर मेची धग किंवा ऑगस्टची ओढ सोसून जे झाड फळलं, त्याचं बी विकतच्या पाकिटापेक्षा तुमच्या जागेला जास्त सरावलेलं असण्याची शक्यता असते.

सुरुवात वाल, चवळी, भेंडी, अंबाडी यांपासून करा. पाकिटावर हायब्रिड किंवा एफ-१ लिहिलं असेल तर त्याचं बी धरू नका, पुढची झाडं तशीच येत नाहीत. सर्वांत निरोगी झाडावरच्या दोन-चार चांगल्या शेंगा खुणेचा दोरा बांधून झाडावरच वाळू द्या. पाऊस चालू असेल तर पिवळ्या झाल्यावर तोडून घरात पंख्याखाली वाळवा. बी दाताखाली कडक लागेपर्यंत सावलीत सुकवा, चुलीची राख मिळाली तर ती चोळा आणि काचेच्या कोरड्या बरणीत भरून अंधाऱ्या जागी ठेवा. बरणीवर चिठ्ठी हवी. तिच्यावर जातीचं नाव, महिना, वर्ष आणि त्या हंगामात त्या झाडाने काय सोसलं, ते लिहा.